साहेबांचे पाय

साहेब आले की ऑफिसनं उभं राहायचं, हा नाशिकच्या खांबेटेसाहेबांचा हट्ट. त्यांनी आभासी ऑफिस घेतलं. डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस आत! तिथं स्वतःला त्यांनी चकचकीत बुटांपर्यंत घडवून घेतलं. बाकीच्यांना मात्र स्वस्तातली, कमरेपर्यंतचीच शरीरं.

पहिल्याच मीटिंगला पाहुण्यांसमोर साहेब ऐटीत शिरले. कोणी उठेना.

"रीत विसरलात? सगळ्यांची बढती बंद!" साहेब कडाडले.

डिझाइन विभागातली तनुजा घोलप शांतपणे म्हणाली, "साहेब, उभं राहायला पाय लागतात. ते तुम्ही फक्त स्वतःलाच मंजूर केलेत."

पाहुणे खो खो हसले. साहेबांनी मुकाट्यानं बढत्या दिल्या, पायही दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब म्हणाले, "थांबा, अजून एक मीटिंग!" सगळे अदबीनं उभे राहिले, आणि त्याच पायांनी बाहेर पडले.