गज चार बोटं बाहेर

“मग दारू किती घालायची म्हणता?”

उदाजीराव सरनोबतांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आवाज आता वरच्या पट्टीत गेला होता, कारण एकच गोष्ट दोनदा विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

निरंजनबुवा ओल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले.

संन्यास घेण्याआधी बुवांनी अठ्ठावीस वर्षं पलटणीत बंदुका दुरुस्त केल्या होत्या. आता ते टेकडीवरच्या मठात राहत. पंचक्रोशीत कुणाकडे जुनी बंदूक असली, की तिच्या दुखण्याखुपण्यासाठी माणसं त्यांच्याकडेच येत.

उदाजीरावांकडे अशा बावीस बंदुका होत्या. परवाने काचेच्या चौकटीत घालून त्यांनी दिवाणखान्यात लावले होते. जावयाचं कौतुक कुणी केलं नसेल एवढं ते बंदुकांचं करत, आणि पाहुणा चहा संपवून उठायला लागला की त्याला परत बसवत.

त्यातली सगळ्यात लाडकी आज त्यांच्या मांडीवर होती. आजोबांची तोड्याची बंदूक. हिला काडतूस लागत नाही. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, लांब गजानं ती ठासायची, आणि मागच्या बाजूला नळीला जे बारीक भोक असतं, ज्याला कान म्हणतात, तिथं जळती वात टेकवायची.

उद्या खंडेनवमी होती. सरनोबतांच्या शस्त्रपूजेत यंदा पहिल्यांदाच बार उडणार होता, रीतसर परवानगी काढून, माळावर मांडलेल्या नारळावर. आणि तो उडवणार होती त्यांची एकुलती एक मुलगी मृणालिनी. कॉलेजच्या संघातून ती नेमबाजीत दोन बक्षिसं घेऊन आली होती. सगळा गाव बघायला येणार होता.

“बुवा, नेमाची काळजी नाही. पोरगी नारळाची शेंडी उडवील. तुम्ही फक्त माप सांगा.”

“कुणाची म्हणालास बंदूक?”

“आजोबांची. साठ वर्षांत कुणी उडवली नाही. पण जपलीय बघा! दर दसऱ्याला तेल, मऊ फडकं…”

“बाहेरनं.”

“बाहेरनंच की. आत कोण बघतंय?”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“भरल्याली हाय का रिकामी?”

उदाजीरावांना हसू आलं. म्हातारा थकला, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

“रिकामी.”

“कशावरनं?”

“कशावरनं म्हणजे? माझीच हाय की बंदूक!”



बुवांनी हात पुसले. बंदुकीखालचा गज काढला आणि नळीच्या बाहेरून, तिच्या अंगाला लावून धरला. गजाचं टोक कानापाशी टेकवलं. नळीचं तोंड जिथं संपत होतं, तिथं गजावर कोळशाची एक रेघ ओढली.

गज उदाजीरावांच्या हातात देऊन ते म्हणाले, “घाल आत.”

उदाजीरावांनी गज नळीत सोडला. तो सरसर गेला आणि थांबला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला नाही. नुसतं टप्प झालं.

कोळशाची रेघ नळीच्या तोंडाबाहेर होती. चांगली चार बोटं.

“गंज धरला असंल आतनं,” उदाजीराव म्हणाले.



उदाजीरावांनी गज काढला. बाहेरून पुन्हा मापला, पुन्हा आत घातला. रेघ पुन्हा तिथंच, चार बोटं बाहेर.

“बुवा, आत काय हाय?”

बुवांनी दुसरी शेंग उचलली आणि न फोडताच खाली ठेवली.

 ही बंदूक उदाजीरावांच्या दिवाणखान्यात आडवी टांगलेली असे, तोंड बरोबर जेवणाच्या टेबलाकडे. गेल्याच रविवारी त्यांनी पाहुण्यांना नळीत डोळा घालून बघायला लावलं होतं. ‘काय काळोख आहे हो!’ असं पाहुणे म्हणाले, तेव्हा आपण केवढे हसलो होतो, हेही त्यांना आठवलं.

आणि उद्या ह्या जुन्या बारावरच ते नवी दारू ओतणार होते. वर नवी गोळी ठासणार होते. तेवढा जोर त्या नळीला पेलला नसता, ती फुटलीच असती. आणि तिला गाल लावून उभी असती मृणालिनी.

 बंदूक खाली ठेवायचंही उदाजीरावांना सुचलं नाही.

बुवांनीच ती हळूच काढून घेतली. तांब्यातलं पाणी आधी कानात सोडलं, मग नळीत ओतलं, आणि बराच वेळ ती तशीच भिजत ठेवली. मग गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवून आत फिरवला.

आधी कुजकी चिंधी निघाली. मागोमाग शिशाची गोळी घरंगळली. शेवटी काळा चिखल ओघळला, आणि बुवा पुन्हा पुन्हा पाणी घालून नळी धूत राहिले.

“रानडुकरासाठी भरली असंल तुझ्या आज्यानं,” ते म्हणाले. “डुक्कर आलं न्हाई.”

उदाजीरावांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायची लाजही त्यांना वाटली नाही. एवढा मोठा श्वास त्यांनी कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

“जीव भांड्यात पडला, बुवा… तुमच्याकडं आलो नसतो तर?”

 बुवांनी चिखलाचा ओघळ पाण्यानं लोटून पायरीखाली नेला.

अंगणातून हाक आली. “आबा! झालं का तुमचं? हे बघा केवढं सीताफळ!”

मृणालिनी झाडाखाली उभी होती. दोन्ही हातांत एक पिकलेलं सीताफळ धरून, गालाला त्याचा गर लागलेला.

उदाजीरावांनी तिला हात केला. 

थोड्या वेळानं ते बुवांच्या समोर मांडी घालून बसले. मघाशी खुर्ची मागून घेतली होती, ती आता बाजूला सारली.

“बावीस बंदुका बाळगल्या, पण मला काहीच येत नाही, बुवा. उद्याचा बार राहू द्या. मला पहिल्यापासनं शिकवा. नेम कसा धरायचा, इथपासनं.”

बुवांनी एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे…

“शिकवतो. पर आधी खाली अंगणात जा,” ते म्हणाले. “ह्यो न उडाल्याला बार कुठं लागला, तेवढं बघून ये.”