गेनूच्या पायातलं यंत्र

आता ही ऐका आमच्याच शिवारातली गोष्ट. गेनूला मारामारीच्या खटल्यात जामीन मिळाला, पण कोर्टानं त्याच्या पायात यंत्राचा पट्टा अडकवला. गावाची हद्द ओलांडली की यंत्र बोंब मारणार आणि गेनू परत तुरुंगात.

एक दिवस फौजदार ढमाले छाती काढून कोर्टात उभे राहिले. "साहेब, रविवारी हा हद्दीबाहेर तमाशाच्या तंबूत तीन तास बसला. माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही बोलत. जामीन रद्द करा."

गेनू गारठला. त्याची बायको चंद्रभागा मात्र पदर खोचून उठली.

"खरं आहे, साहेब. यंत्र कशाला खोटं बोलेल? पण शनिवारी पट्ट्यानं ह्यांचा पाय सोलला. ह्यांनी पट्टा कापला नाही, नियमानं चौकीत जाऊन ढमालेसाहेबांकडूनच काढून घेतला. त्यांनी तो आपल्या जीपमध्ये टाकला, तो सोमवारी परत बांधला. ते विसरले असतील, पण ही त्यांच्या सहीची चिठ्ठी. आता तंबूत कोण बसलं होतं, ते फौजदारीणबाईंना मी सांगू, का यंत्रालाच पाठवू?"

जजसाहेबांनी तोंडापुढं फाईल धरली, तर फाईलच गदगदा हलायला लागली. जामीन कायम राहिला.

गेनू खुशाल घरी निघाला. ढमाले मात्र घरी जायलाच तयार होईनात.