लाल फीत

"मुक्या जनावराला मरण कसं समजावायचं, माई?"

विचारणारे होते प्राध्यापक आठल्ये, जन्मभर वेदान्त शिकवलेले. वाईच्या पुढे, कृष्णाकाठच्या लहानशा मठात ते सत्यभामामाईंसमोर बसले होते. त्यांच्यापासून हातभर लांब, खांबाला बांधलेलं त्यांचं कुत्रं. यॉर्कशायर टेरियर, पिशवीत मावेल एवढंसं. नाव मात्र सरदार.

सरदार त्यांच्या मुलीचा, केतकीचा. दिवाळीआधी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"मी सावरलो," आठल्ये म्हणाले. "देह नाशवंत आहे, हे मी वर्गात जन्मभर सांगत आलोय. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही मी. पण हा... रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसतो. धड खात नाही. हात लावला की चावतो."

"आधी कसा होता?"

आठल्यांच्या ओठांवर नकळत हसू आलं.

"आधी? जीव एवढासा, पण शेजारच्या अल्सेशियनच्या अंगावर धावून जायचा! घुशीच्या मागे लागून केतकीची सगळी शेवंती उकरली होती यानं. मी ओरडलो, की तिच्या ओढणीत तोंड लपवून..."



माईंनी सरदारपुढे हात धरला. तो गुरगुरला. त्यांनी हात तसाच ठेवला. हुंगून त्याचं समाधान झालं, तेव्हा त्यांनी त्याच्या अंगावरून बोटं फिरवली. केसांच्या जटा झाल्या होत्या.

"याला रोज विंचरावं लागत असेल."

"ती विंचरायची."

"आणि आता?"

आठल्यांनी खांद्यावरची शाल उगाच सारखी केली.

"कातडी ओढली जातेय त्याची. दुखतं, म्हणून चावतो."

"केस कापणारा बोलावला होता... मीच त्याला दारातून परत पाठवला."

"का?"

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"ती डोक्यावरची लाल फीत," आठल्ये हळूच म्हणाले. "अंगात ताप असताना बांधली होती तिनं. त्यानंतर... नाही बांधली."

माई उठल्या. आतून खोबरेल तेल आणि कात्री आणून त्यांनी आठल्यांपुढे ठेवली.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, माई."

"त्याच्याकडे बघा."

केतकी गेल्यापासून आठल्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. फितीभोवती केसांचा गोळा झाला होता. त्याच्या ओढीनं एक डोळा ताणून लालभडक झाला होता, पाझरत होता.

"अरे सरदार..."

त्यांनी त्याला मांडीवर ओढलं. तो कडकडून चावला. रक्त आलं, पण आठल्यांनी सोडलं नाही. गाठीत तेल मुरवलं, बोटांनी जटा सैल केल्या. सुटेना, तेव्हा कात्रीचं पातं फितीखाली सरकवलं...

हात थांबला. बराच वेळ थांबला.

मग फीत तुटली.

सरदारनं डोकं झाडलं. दोन्ही डोळे उघडून आठल्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो त्यांच्या मांडीवरच बसून राहिला.

"केतके!"

ती हाक अशी फुटली, की घाटावरचं धुणं थांबलं. फीत मुठीत आवळून आठल्ये लहान मुलासारखे रडले. माईंनी त्यांना रडू दिलं.

पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"माई, इतकी वर्षं मी लोकांना शिकवलं तरी काय?"

माईंनी नदीकडे पाहिलं.

"वारा सुटलाय," त्या म्हणाल्या. "त्याला शालीत घ्या."