सोपाननं जोडी जुळवली

एका गावात शहाणे फार झाले होते. त्यांचं ऐकायला कोणीतरी हवं, म्हणून एक भोळाही होता.

त्याचं नाव सोपान. सोपान बाजार समितीत पोती उचलायचा. अंगात ताकद भरपूर. एकदा सांगितलेली गोष्ट तो कधीच विसरायचा नाही. हाच त्याचा दोष होता.

घरात आई होती, धाकटी बहीण वैजू होती आणि थोरले चुलते तात्या होते. घरातलं सगळं तात्या ठरवायचे. ठरवण्याआधी विचार करायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कौलं बदलायचा विचार सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेलं मांडलेलं असतं.

वैजू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळायची आणि भारी खेळायची. पुण्यातल्या एका संघानं तिला निरोप धाडला. रविवारी चार वाजता घरूनच एक सामना खेळून दाखव. आवडलं तर संघात घेऊ, राहायची सोय आमची.

तात्यांनी विचार केला. मग त्याच रविवारी, चार वाजता, वैजूला बघायला एका मुलाला बोलावलं.

"तात्या, चारला माझा सामना आहे!"

"खेळ काय पळून जातोय? स्थळ पळून जाईल."

"मग पळू दे ना!"

"तोंड बघा पोरीचं," तात्या म्हणाले. "बरं, पुण्याच्या लोकांनी घेतलं, तर पुढचा विचार करू. नाही घेतलं, तर मुकाट्यानं हळद लावून घ्यायची."

आता खरी अडचण वैजूच्या कॉम्प्युटरची होती. अशा खेळात पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा तरी बदलावं लागतं. वैजूचं बदलायचं वीस वेळा. शत्रू आधी दारात दिसायचा आणि मग एकदम छातीवर. मधल्या वेळात तो कुठं असायचा, ते कळायचं नाही. कळेपर्यंत वैजू मेलेली असायची.

वैजूनं शिकवण्यांचे साठवलेले पैसे काढले आणि सोपानला तालुक्याला पाठवलं.

"दादा, मुश्ताकभाईंच्या दुकानात जा. सगळ्यात ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आण. चित्र काढायचं काम तेच करतं."

सोपान म्हणाला, "बरं."

त्यानं आणलं. कार्ड चांगलं विटेएवढं होतं. वैजूनं ते बसवलं आणि खेळ सुरू केला. चित्र वीस वेळाच बदललं.

वैजूनं कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. दादा, हे बघ. कार्ड चित्र काढतं. पण काय काढायचं, ते प्रोसेसर सांगतो. आपला प्रोसेसर म्हातारा आहे. सांगणारा सावकाश असला, की काढणारा हात जोडून बसून राहतो. मग त्याच्यात कितीही ताकद असू दे. कळलं?"

"नाही."

"एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला, तर गाडी कोणाच्या चालीनं जाते?"

"म्हाताऱ्याच्या."

"मग! जोडी तोलामोलाची हवी. या कार्डाच्या तोडीचा जोडीदार घेऊन ये."

सोपान म्हणाला, "बरं."

तो तालुक्याला गेला आणि संध्याकाळी परत आला. अगदी तेच, तसंच, विटेएवढं दुसरं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"जोडी," सोपान म्हणाला. "मी शेजारी शेजारी ठेवून बघितली. शिंगंसुद्धा सारखी आहेत."

"अरे देवा! दादा, आता काढणारे दोन झाले आणि सांगणारा तोच म्हातारा! आधी एक बसून होता, आता दोघं बसतील!" वैजूनं एक मोठा श्वास घेतला. "जोडी म्हणजे जुळी भावंडं नव्हेत. दोघांची कामं वेगळी असतात. घेण्याआधी त्यांचं एकमेकांशी जुळतं का, ते जाणत्याला विचारायचं. हे परत कर आणि प्रोसेसर आण."

सोपान म्हणाला, "बरं." त्यानं कार्ड तसंच पिशवीत घातलं आणि गेला.

मुश्ताकभाईंनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "सोपानभाऊ, खोका कुठाय?"

"घरी."

"असं चालत नाही. माल परत आणायचा तर ज्यात नेला त्यातच आणायचा. तारा, स्क्रू, कागद, सगळं बरोबर. मग मी एका शब्दानं विचारणार नाही. बदलून देईन."

सोपान घरी गेला आणि खोका घेऊन आला. तारा, स्क्रू, कागद, सगळं बरोबर होतं. मुश्ताकभाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. सोपानला ही पद्धत फार आवडली.

मग मुश्ताकभाईंनी त्याच्यासमोर दोन प्रोसेसर ठेवले. एक नवा, चपळ. एक जुना, स्वस्तातला. "तुमच्या कार्डाला हा नवा घ्या."

"जरा थांबा," सोपान म्हणाला. "जाणत्याला विचारून येतो."

"अहो, मी काय भाजी विकतो का?"

पण सोपान दोन्ही खोके घेऊन निघालाही होता. गावात जुळतं की नाही हे सांगणारा जाणता एकच होता. तो गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी पंचांग उघडलं. "मुलीचं नाव?"

"ग्राफिक्स कार्ड."

"आपल्याकडची दिसत नाही."

"नाही. विमानानं आली."

"जन्मतारीख?"

सोपाननं कार्डाच्या खोक्यावर छापलेली तारीख आठवून सांगितली. तो काही विसरायचा नाही. वेळ छापलेली नव्हती. गुरुजी म्हणाले, सूर्योदय धरू. मग त्यांनी दोन्ही स्थळांच्या तारखा घेतल्या आणि बराच वेळ बोटं मोजली.

"हा नवा तापट आहे. कडक मंगळ. गुण अकराच जुळतात."

"आणि हा?"

"हा वयानं जरा जास्त आहे. पण शांत. घरंदाज. तीस गुण. डोळे मिटून करून टाका."

सोपाननं तापट स्थळ दुकानात परत केलं आणि घरंदाज घरी आणलं. ते बसवल्यावर चित्र सेकंदाला बावीस वेळा बदललं.

"दोन वाढले," सोपान म्हणाला.

वैजूनं सगळी हकिकत ऐकली. मग ती जी सुरू झाली, ती थांबेना. "शांत! घरंदाज! वयानं जरा जास्त! म्हणजे सावकाश, असं सरळ सांगा ना! या गावात कुठलीही गोष्ट विचारायला गेलं, की म्हाताराच पसंत करून देतात!"

"पण तू म्हणालीस, जाणत्याला विचार."

"आता मीच सांगते, कोणालाही विचारू नकोस! मागं कोण राहतंय ते बघ. ज्याच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं, त्याला उचल, त्याच्या खोक्यात घाल आणि मुश्ताकभाईंकडून बदलून आण. त्या तापटाला घेऊन ये. तापला, की त्याचा पंखा जोरात फिरेल, आवाज होईल. घाबरू नकोस. तापला की आवाज होतो. वारा लागला की गार पडतो."

सोपान म्हणाला, "बरं."

आणि शनिवारी त्यानं सगळं बरोबर केलं. शांत स्थळ खोक्यात घातलं, तापट स्थळ आणलं. चित्र सेकंदाला सत्तर वेळा बदलायला लागलं. शत्रू दारातून छातीपर्यंत येताना वाटेत नीट दिसायला लागला. वैजूनं त्याला वाटेतच गाठलं.

इथं गोष्ट संपली असती. पण रविवार यायचा होता.

रविवारी चारला दहा मिनिटं कमी असताना दारात जीप थांबली. जीपमधून मुलगा उतरला, त्याची आई उतरली, मामा उतरले. बरोबर पेढ्यांचा पुडा होता. वैजू आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. तात्यांनी हाक मारली. वैजूनं उठून पोहे नेऊन ठेवले आणि परत वळली.

"थांब," तात्या म्हणाले. "मुलाला काही विचारायचं असेल."

मुलानं मामांकडे बघितलं. मामांनी मुलाच्या आईकडे बघितलं. आईनं पोह्यांकडे बघितलं. मग मामा म्हणाले, "विचार की रे." मुलगा म्हणाला, "काय विचारू?" मामा म्हणाले, "काहीही." मुलगा विचार करायला लागला.

आतून, कॉम्प्युटरमधून, वैजूबरोबर खेळणाऱ्या पोरींच्या हाका ऐकू यायला लागल्या. वैजू हात जोडून उभी होती.

सोपान दारात उभा होता. त्याला हे दृश्य ओळखीचं वाटलं. तो वैजूच्या कानाशी गेला. "मागं कोण राहतंय?"

वैजू दात आवळून म्हणाली, "दिसत नाही का तुला?"

"दिसतंय," सोपान म्हणाला.

त्यानं मुलाला उचललं. पोह्यांच्या बशीसकट उचललं. जीपमध्ये ज्या जागेवर बसून आला होता, तिथंच नेऊन ठेवलं. मग मामांना उचलून ठेवलं. मुलाची आई ओरडत आपणहून मागं आली. सोपाननं पेढ्यांचा पुडा आणला, चपला आणल्या, मुलाचा रुमाल आणला. तारा, स्क्रू, कागद, सगळं बरोबर. बशी तेवढी आपली होती, ती काढून घेतली.

"चला," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मुश्ताकभाईंच्या दुकानात. शुक्रवारी बंद असतं, आज उघडं आहे."

मुश्ताकभाईंनी जीपमध्ये डोकावून बघितलं. मुलानं मामांकडे बघितलं.

"सोपानभाऊ, हा माल आमच्याकडचा नाही."

"खोका आहे. सगळं सामान आहे."

"असू दे. आणि नुसतं एकाला बदलून भागत नसतं. घरी जा. अजूनही काम अडत असेल, तर अडवणारा दुसराच कोणीतरी आहे. त्याला शोधा."

सोपान म्हणाला, "बरं." जीप जी तिथून गेली ती परत गावात आली नाही. सोपान एसटीनं घरी आला.

तोवर सामना संपला होता. वैजू जिंकली होती. पुण्याहून फोनही आला होता. संघात घेतलंय, उद्या सकाळी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. शेवटची गाडी सात वाजता होती. वैजूची बॅग भरलेली होती. आणि वैजू त्या बॅगेवर बसून होती.

"का बसलीस?" सोपाननं विचारलं.

"तात्या विचार करतायत."

तात्या झोपाळ्यावर होते. "तसं मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "दिवाळीनंतर बघू."

सोपाननं घरभर नजर फिरवली. आई हात जोडून उभी होती. वैजू बॅगेवर. बाहेर गाय धारेची वाट बघत होती, कारण धार कधी काढायची तेही तात्या सांगायचे. सांगणारा सावकाश असला, की बाकीचे बसून राहतात. कितीही ताकद असू दे.

"आई," सोपान म्हणाला, "तात्या या घरात कशात आले?"

"कशात म्हणजे? इथंच जन्मले की. त्या माळ्यावरच्या पाळण्यात वाढले."

सोपान माळ्यावर चढला. सागवानी पाळणा होता. धूळ झटकली, खाली आणला.

"तात्या, बसा. पाय आत घ्या."

"अरे गाढवा, काय करतोस!"

सोपाननं त्यांना उचलून आत ठेवलं. तात्या चपखल बसले. निघण्यासारखे राहिले नाहीत. तात्या तापले. मोठा आवाज झाला. सोपान घाबरला नाही. त्यानं आईला पुठ्ठ्यानं वारा घालायला सांगितलं.

आई वारा घालत वैजूला म्हणाली, "तू नीघ. विचारायचं ज्यांना, ते सध्या पाळण्यात आहेत."

वैजू निघाली. सात वाजता पुण्याची गाडी सुटली, तेव्हा ती खिडकीजवळ बसलेली होती. खिडकीतून तिला रस्त्याच्या कडेनं तालुक्याकडे जाणारी एक बैलगाडी दिसली. ओळखीची वाटली. पण तिच्या गाडीचा वेग चांगला होता.

मुश्ताकभाई शटर ओढत होते. समोर बैलगाडी उभी राहिली. गाडीत पाळणा होता. पाळण्यात तात्या होते.

"सापडला," सोपान म्हणाला. "मूळचा खोका आहे. स्क्रू तेवढे धुंडाळले, मिळाले नाहीत. बदलून द्या. तापट असला तरी चालेल."