पोटाखालचा हात

“मग तिच्या वतीनं मी बोलायचं न्हाई, तर कुणी बोलायचं आक्का?”

हौसाक्का विहिरीच्या खालच्या पायरीवर बसून कार्तिकीच्या पाठीवर तरंगण्यासाठी बांधलेल्या वाळक्या भोपळ्याची गाठ चाचपत होती.

विचारणारी दीक्षा गावातल्या किशोरी गटाची प्रमुख. वय सतरा. तालुक्याला नेतृत्वाचं पाच दिवसांचं शिबिर करून आली होती, आणि तेव्हापासून तिच्यापुढं कुणाचं वाक्य पुरं होत नसे. पोरगी वाईट नव्हती. उलट गटातल्या मुलींसाठी जिवाचं रान करायची.

हौसाक्का चाळीस वर्षं याच विहिरीत पोरींना पोहायला शिकवत आली होती. गटाच्या शिकवणीत पोहणं आलं ते तिच्यामुळंच.

त्या दुपारी पंधरा वर्षांच्या कार्तिकीला बघायला पाहुणे येणार होते. पसंती झाली की महिन्याभरात लग्नाचा बार उडणार. कार्तिकीला दहावी करायची होती. हे तिनं दीक्षाला सांगितलं होतं, वडिलांना नाही. मग दीक्षानं त्यांच्यापुढं करायचं भाषण पाठ केलं. कायदा, वय, शाळा, सगळं त्यात होतं. कार्तिकीनं नुसतं शेजारी उभं राहायचं, असं ठरलं होतं.

“आधी पाण्यात चला,” हौसाक्का म्हणाली, आणि तिनं भोपळा सोडून घेतला.

कार्तिकीचा चेहरा उतरला. शिकायला लागून दोन महिने झाले तरी भोपळ्याशिवाय ती पाण्यात उतरली नव्हती. आणि भोपळा असतानाही दीक्षाचा एक हात तिच्या पोटाखाली असायचाच. आजही दीक्षानं तो घातला आणि दोघी विहिरीच्या मधोमध गेल्या.

“हात काढ.”

“आक्का, बुडंल ती.”

“काढ.”

दीक्षानं हात काढला.

कार्तिकी खाली गेली... वर नुसते बुडबुडे. दीक्षा हातभर अंतरावर हातपाय मारत होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. हौसाक्का कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याच जागेकडं बघत होती.

मग बोटं दिसली. डोकं दिसलं. खोकत, पाणी उडवत, कशीबशी कार्तिकी पायरीला येऊन लागली. तिच्या मागोमाग दीक्षा आली.

तेवढ्यात वरून आप्पांची, म्हणजे कार्तिकीच्या वडिलांची हाक आली. पाहुणे घरी येऊन बसले होते आणि ही इथं भिजत होती.

दीक्षानं तोंड उघडलं. हौसाक्कानं पाण्याखाली तिचं मनगट घट्ट धरलं.

“आप्पा...”

कार्तिकी पायरीवर उभी राहिली. तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं.

“आप्पा, मला आत्ता लगीन करायचं न्हाई. दहावी करायचीय मला.”

आप्पा काठावरच थांबले. लेक त्यांच्यापुढं कधी बोललेली नव्हती. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला, पण ते ओरडले नाहीत.

“मग पाव्हण्यास्नी काय सांगू मी?”

“ह्येच सांगा. न्हाईतर मी सांगते.”

“चल मग,” म्हणून आप्पा वळले आणि घराच्या वाटेला लागले. कार्तिकी ओल्या कपड्यांनिशी पायऱ्या चढून त्यांच्यामागं गेली. घरी काय होणार, हे तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

हौसाक्कानं मनगट सोडलं, तशी दीक्षा उसळली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. कार्तिकी बुडाली असती तर? आप्पांनी हात उगारला असता तर? आता घरात चार माणसांपुढं ती एकटी पडली तर? अशा वेळी हात काढून घ्यायला शिकवता का, असं ती फाडफाड बोलत सुटली.

हौसाक्कानं भोपळा उचलून वरच्या पायरीवर ठेवला आणि कार्तिकी गेली त्या वाटेकडं बोट केलं.

“हात काढ म्हनलं मी तुला,” ती म्हणाली. “हिरीतनं भाईर नीघ, असं कुठं म्हनलं?”