आक्कासाहेबांना आणणारा शब्द

"दोन्हींतला एकच निवडा! आणि असा निवडा, की भाऊबीजेला आक्का आमच्या दारात उतरलीच पाहिजे!"

शेवरगडच्या राजेसाहेबांनी दोन कागद बैठकीवर आपटले. त्यांची थोरली बहीण मोरवडी संस्थानात दिलेली. तीन दिवाळ्या झाल्या, आक्कासाहेब माहेरी फिरकल्या नव्हत्या. मोरवडीचा दरबार मोठा साहेबी, म्हणून इकडून दरसाल इंग्रजीत पत्र जाई. पहिल्या साली लिहिलं, आपण याल अशी आशा आहे. आक्का आल्या नाहीत. दुसऱ्या साली त्या आशेआधी 'डू' घातला, म्हणजे खरोखरच आशा आहे. आल्या नाहीत. तिसऱ्या साली वर 'इनडीड' चढवला. तरी नाहीत! राजेसाहेबांची खात्री झाली, शब्दाला जोर कमी पडतोय.

यंदा टिपणीसांनी 'बाय ऑल मीन्स' काढला होता आणि कारखानीसांनी 'विदाउट फेल'.

"सरकार, बाय ऑल मीन्स म्हणजे अगदी जरूर! ऐकतानाच गोड लागतं," टिपणीस म्हणाले.

"गोड कसलं? कोणी 'येऊ का' म्हणून विचारलं तर देतात ते उत्तर! या बापडे, आमची काही ना नाही, असा सूर आहे त्याचा. सरकार, विदाउट फेल लिहा. न चुकता या!"

"न चुकता ये, हे पाणक्याला सांगतात, कारखानीस! थोरल्या बहिणीला हुकूम सोडता?"

"पाणक्या येतो तरी! तुमचं गोड बोलून कोण आलंय?"

"पुरे!" राजेसाहेब गरजले. मग त्यांनी पत्र नेणाऱ्या जासुदाकडे, केरबाकडे, बोट केलं. "आणि हा! तीनदा गेला, तीनदा हात हलवत परत आला. केरबा, यंदा आक्का आली नाही, तर तुझी जासुदी गेली आणि शेवरगडची हद्दही सुटली!"

केरबाचं तोंड एवढंसं झालं. बिचाऱ्याला मराठीसुद्धा जेमतेम वाचता येई. तेवढ्यात दाराशी उभी असलेली त्याची बहीण पुढं आली. सगुणा तिचं नाव. कालच सासरहून दिवाळीला आली होती.

"सरकार, शब्द मी निवडते."

"तुला इंग्रजी येतं?"

"एक अक्षर येत नाही."

"मग तू काय निवडणार?"

"ज्यांना येतं त्यांनी तीन वर्षं निवडलाच की!"

बैठकीत खसखस पिकली. राजेसाहेबांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत.

"निवड. चुकलीस तर भावाबरोबर तूही हद्दीबाहेर!"

"मी तशीही हद्दीबाहेरच नांदते, सरकार. पण एक अट. मी सांगेन त्याच्याच हातून पत्र गेलं पाहिजे."

"मान्य! राजाचा शब्द आहे."

सगुणा टिपणीसांकडे वळली. "काका, आखाडात काकू रुसून माहेरी गेल्या होत्या, गावभर झालं होतं. तेव्हा त्यांना कोणता शब्द लिहिला तुम्ही? हाच, बाय का काय तो?"

टिपणीस खोकले. "लिहायचं काय त्यात? मी... मी स्वतःच गेलो होतो."

"आणि कारखानीसकाका, तुम्ही हो?"

"मला दोनदा जावं लागलं," कारखानीस जमिनीकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या वेळी लुगडं घेऊन."

आता मात्र बैठक खो खो हसू लागली.

"सरकार," सगुणा म्हणाली, "काल मी आले ती या केरबामुळं. लेकीला न्यायला भाऊ येतो, मुऱ्हाळी म्हणून. हा आमच्या ओट्यावर येऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, दिवाळीची कामं पडलीत. हा हूं की चूं नाही. नुसता बसून राहिला! दारात बसलेल्या भावाला रिकामं कोण पाठवील? सरकार, सासुरवाशीण वाटेकडं बघते ती काही कागद येतोय का म्हणून नाही. कोण येतंय ते बघते."

"म्हणजे? शब्द कोणता?"

"यातला कोणताही चालेल. पत्र न्यायचं तुम्ही!"

राजेसाहेब ताडकन उठले. "आम्ही? सलामीला आमच्या तोफा त्यांच्याहून दोन जास्त उडतात! राजानं मुऱ्हाळी व्हायचं?"

"राजा तर त्यांच्या घरात आहेच, सरकार! आक्कासाहेबांचं कुंकू त्याच्याच नावाचं. तिथं नाही तो भाऊ. आणि तो त्यांना एकच आहे."

कोणी हसलं नाही. राजेसाहेबांनी हात पुढं केला आणि दोन्हींतलं जवळचं पत्र न बघताच खिशात घातलं. "घोडागाडी जोडा!"

भाऊबीजेच्या सकाळी गाडी परत आली. आधी राजेसाहेब उतरले आणि त्यांनी हात दिला तो आक्कासाहेबांना! टिपणीस आणि कारखानीस एकदमच धावले.

"आक्कासाहेब, शब्द कोणता लागू पडला?"

"कसला शब्द? हा धुळीनं माखलेला दारात आला. पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाला, आक्के, चल. मी नेसत्या लुगड्यानिशी गाडीत बसले!"

राजेसाहेबांनी खिसा चाचपला. पत्र घडीही न मोडता तसंच होतं! ते मोठ्यानं हसले. "सगुणे, जिंकलीस! केरबाची जासुदी कायम. आता तुझ्यासाठी माग."

"सरकार, दर दिवाळीला हा तुमची पत्रं घेऊन चार गावं फिरतो आणि मग माझ्याकडं येतो. तोवर शेजारणींचे भाऊ येऊन जातात. दिवाळीआधी याला चार दिवस रजा द्या."

"आठ दिवस! आणि जायला तबेल्यातला घोडा!"

"आणि माझ्या भावाला रजा कोण देणार?" आक्कासाहेबांनी विचारलं.

राजेसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि हात जोडून म्हणाले, "सगुणाबाई, आमचाही अर्ज मंजूर करा!"