देवराईवरचा परका पहारा

कोंडगड आणि पालवणी या दोन राज्यांत मिळून एक देवराई होती. तिथली काडीही कुणी उचलायची नाही, असा दोघांचा करार. आणि पहाऱ्याची रीत तर अजबच! कोंडगडच्या अर्ध्या रानावर पालवणीची माणसं, पालवणीच्या अर्ध्यावर कोंडगडची.

कोंडगडच्या गादीवर रुद्रभान आला. नव्या महालाला खांब हवेत म्हणून तो स्वतः लाकूडतोडे घेऊन आपल्या बाजूच्या रानात शिरला. पालवणीची पहारेकरीण हौसा काठी आडवी धरून उभी राहिली.

"बाजूला हो! मी इथला राजा आहे."

"ठाऊक आहे, महाराज. म्हणूनच मला इथे ठेवलंय. तुमच्या माणसाला तुम्हाला नाही म्हणता आलं असतं का?"

राजा भडकला. "आजपासून ही रीत बंद! चालती हो आपल्या राज्यात."

हौसाने काठी खांद्यावर टाकली. "निघते. पण तुमच्या शहराची नदी उगम पावते आमच्या बाजूच्या झाडांखाली. त्या झाडांवर आमच्या राजाचा केव्हाचा डोळा आहे. तिथला तुमचा पहारेकरी गोंदाजी आडवा उभा राहतो, म्हणून बिचारा थांबलाय. जाता जाता गोंदाजीलाही घरी जायला सांगू का?"

राजाने लाकूडतोड्यांकडे पाहिलं. ते केव्हाच मागे फिरले होते. त्यांच्याही घरी पाणी त्याच नदीचं येत होतं.

महाल पुढे दगडी खांबांवर उभा राहिला. त्या दुपारी मात्र राजाने एकच हुकूम सोडला, "आपल्या गोंदाजीला चांगला जाड सोटा पाठवा."